उजेड, वारा आणि आपल्या घराचा नकाशा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला 'शिक्षणाच्या नव्या वाटा' या विषयावर बोलायला सांगितले आहे. एवढ्या सगळ्या वाटा मला माहीत नाहीत. मी ज्या वाटेने गेले तिच्याबद्दलच बोलते. ती वाट म्हणजे आर्किटेक्चर, आणि त्याला जोडून पर्यावरण अभियांत्रिकी. मघाशी चहा घेताना एका मावशींनी विचारले, "म्हणजे झाडं लावायचं शिक्षण का गं?" मावशी, झाडे त्यात येतात, पण शेवटी येतात. आधी येते ती खिडकी.

'पर्यावरण अभियांत्रिकी' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ चालतात, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. पहिला अर्थ सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शाखेचा. पिण्याचे पाणी, गटारे, सांडपाणी, कचरा, हवेचे प्रदूषण. नागपूरला १९५८ पासून 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था आहे, ती याच विषयात काम करते. दुसरा अर्थ इमारतीच्या आतल्या पर्यावरणाचा. घरात उजेड किती येतो, वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, भिंत किती तापते, ओल का धरते, शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून का येतो. आर्किटेक्चरच्या जोडीने जे शिकतात ते मुख्यतः हे दुसरे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात दोन्ही विषय एकाच पदवीत शिकवतात. आपल्याकडे साधारणपणे आधी पाच वर्षांचे बी.आर्क. आणि मग पर्यावरणाचा विषय घेऊन एम.आर्क. किंवा एम.टेक., असा रस्ता आहे. मीही तसाच केला.

मी याच वस्तीत वाढले. विहाराच्या मागच्या गल्लीत, नळाच्या बाजूची तिसरी खोली आमची. दहा बाय बारा. वर पत्रा, आत पोटमाळा आणि माणसे सहा. हा विहारसुद्धा तेव्हा पत्र्याचाच होता. दहावीचा अभ्यास आम्ही चार-पाच जणींनी इथेच केला, कारण इथे दोन ट्यूबलाइट होत्या आणि रात्री दहानंतर कोणी बोलत नसे. मी आर्किटेक्ट का झाले, याचे कारण फार थोर वगैरे नाही. मला इंजिनिअरिंगला जायचे होते, मार्क कमी पडले. चित्रकला बरी होती. शाळेतल्या सरांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना जबरदस्तीने बसवले होते, ते कामाला आले. एवढेच.

कॉलेजात पहिल्याच महिन्यात काम मिळाले : आपापले घर मोजून त्याचा नकाशा काढून आणा, प्रमाण १:५०. म्हणजे घरातला एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर. आता हिशेब करा. आपली दहा बाय बाराची खोली त्या भल्यामोठ्या कागदावर सहा बाय सव्वासात सेंटिमीटर होते. दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवा, त्याहून जरा मोठी. वर्गातल्या मुलामुलींचे कागद भरलेले. हॉल, किचन, दोन बेडरूम, बाल्कनी. मला लाज वाटली. मी काय केले, तर मामांच्या फ्लॅटचा नकाशा आठवून काढला आणि खाली लिहिले, 'माझे घर'.

सरांनी तो दोन मिनिटे बघितला. म्हणाले, "बाथरूमचं दार उघडलं की बेसिनला आपटतं. तू रोज या घरात राहतेस ना? मग तुला हे माहीत कसं नाही?" मी तिथेच रडायला लागले. त्यांनी विचारले, खरे घर कुठे आहे? मी सांगितले. ते रागावले नाहीत आणि समजूतही घातली नाही. म्हणाले, खरे मोजून आण, आणि नुसता नकाशा नको, छेदपण काढ.

छेद म्हणजे पाव मधोमध कापल्यावर आतले दिसते तसे घर कापून दाखवायचे. त्या छेदात आमच्या घराचे खरे रूप दिसले. खाली पाण्याचे पिंप, त्याच्या बाजूला मोरी, वर पोटमाळा, त्यावर दोन भाऊ झोपणार, आणि त्यांच्या डोक्यापासून पत्रा अडीच फुटांवर. सरांनी मग आणखी एक काम दिले. एकाच खोलीचे पाच नकाशे काढायचे, दिवसाच्या पाच वेळांचे. पहाटे पाचला पाणी भरताना, सातला स्वयंपाकाच्या वेळी, दहाला वडील रात्रपाळीवरून येऊन झोपलेले असताना, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी आणि रात्री अंथरुणे पडल्यावर. दुसऱ्यांच्या घरात एका खोलीला एक काम होते. आमच्या खोलीतली एकच फरशी दिवसभरात पाच कामे करत होती. ते पाच कागद वर्गाच्या भिंतीवर लागले. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. पण त्यानंतर मी कोणाच्या घराचा नकाशा आपला म्हणून दिला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मी घरात तीन ठिकाणी थर्मामीटर लावले. पत्र्याखाली, पंख्याखाली आणि दाराबाहेर सावलीत. दुपारी तीनला पोटमाळ्यावरचा आकडा बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त. आई म्हणाली, "हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे?" आईचे बरोबर होते. पण ते का होते हे आईला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. पत्रा उन्हाने तव्यासारखा तापतो आणि ती उष्णता खाली आपल्या अंगावर फेकतो. हवेतून नाही, थेट. चुलीसमोर बसल्यावर वारा सुटला तरी तोंड भाजते, तसे. पंखा फक्त हवा हलवतो, पत्र्याची धग अडवत नाही. म्हणून पंखा पाचवर असूनसुद्धा जीव घाबरा होतो. उपाय दोन. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा. आणि पत्र्याखाली छत टाकायचे, पण मधली गरम हवा निघून जायला वर दोन बाजूंना झरोके ठेवायचे. नुसते छत टाकून सगळे बंद केले तर ती हवा तिथेच कोंडते.

ही काही माझी युक्ती नव्हे. अहमदाबादला मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली, नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे त्या एका महिन्यात दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम त्यात आणले. मी आमच्या पत्र्याला रंग दिला तेव्हा शेजारचे काका हसले होते. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारले, डबे किती लागले?

आता उन्हाचे गणित. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो आणि जमिनीपासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. मे महिन्याच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा घातला की काम होते, कारण सूर्य उंच असतो. चार फूट उंचीच्या खिडकीला पावणेचार फुटांचा छज्जा असेल तर डिसेंबरचे भर दुपारचे ऊनसुद्धा पूर्ण अडते. कमी अडवायचे तर कमी. हवे ते ठरवता येते. पश्चिमेला मात्र छज्जाचा उपयोग नाही. संध्याकाळचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो छज्जाखालून सरळ आत येतो. तिथे उभी पट्टी पाहिजे, जाळी पाहिजे, नाहीतर झाड पाहिजे. मावशी, झाड इथे आले बघा.

ही आकडेमोड दहावीच्या त्रिकोणमितीपेक्षा अवघड नाही. साइन, कॉस, टॅन पाठ करताना आपण विचारतो ना, याचा उपयोग काय? आमच्या पूर्ण पाच वर्षांत टॅनने जेवढी साथ दिली तेवढी दुसऱ्या कोणी दिली नाही.

खिडकीचा आकारसुद्धा कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिले आहे, दमट उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा उजेड-वाऱ्यासाठी हवी. २०१८ साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली, तिच्यातही आपल्यासारख्या हवामानाला हाच आकडा आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. म्हणजे चार बाय पाचची पूर्ण उघडणारी खिडकी. आज घरी गेल्यावर टेप घेऊन मोजा. सरकती काच असेल तर निम्मीच धरा, कारण ती निम्मीच उघडते. आणि एक खिडकी कितीही मोठी असली तरी वाऱ्याला बाहेर जायला समोर दुसरी वाट नसेल तर तो आत येत नाही. भरलेल्या बाटलीत पाणी ओतून बघा.

आपल्यापैकी बरेच जण दरवर्षी कान्हेरीला जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा मूर्ती आणि स्तूप बघून झाल्यावर थोडे खाली बघा. डोंगराच्या काळ्या खडकात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यातून वळवून लेण्यांच्या दाराजवळच्या टाक्यांत नेले आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि त्या कोणी दान दिल्या तेही कोरले आहे. शंभराहून जास्त लेणी, शेकडो वर्षे भिक्खूंची वस्ती, आणि वर्षभराचे पाणी चार महिन्यांच्या पावसातून. ही पर्यावरण अभियांत्रिकीच आहे, फक्त पदवी नव्हती. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी जी भव्य कमान आहे तीसुद्धा नुसती शोभेची नाही. जवळजवळ सव्वाशे फूट खोल त्या दालनात उजेड जायला तेवढीच मोठी वाट आहे, आणि तो उजेड पार टोकाच्या स्तूपापर्यंत पोचतो. मी तिथे एम.आर्क.च्या वेळी उजेड मोजायचे यंत्र घेऊन एक पूर्ण दिवस बसले होते. सहलीला आलेल्या मुलांना वाटले, मी भूत शोधते आहे.

आता जरा गंभीर गोष्ट सांगायची आहे, म्हणून मुलांनो, चुळबूळ थांबवा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक दाटीच्या, काळोख्या घरांत मेले. मग १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते करायचे आणि उजेड-वाऱ्याची घरे बांधायची, हे त्याचे काम. बी.आय.टी. चाळी त्याच ट्रस्टच्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले, राजगृहात जाईपर्यंत. ट्रस्टने वस्त्या मोडताना गरिबांना बेघरही केले, ते विसरून चालणार नाही. पण या ट्रस्टच्या जे. पी. ऑर नावाच्या अध्यक्षांनी एक नियम मांडला होता, तो मला आजही दररोज लागतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर एक रेघ ओढायची. समोरच्या इमारतीने ती रेघ कापता कामा नये. साडेत्रेसष्टचा टॅन येतो दोन. म्हणजे साध्या भाषेत, समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे पाहिजे. हे शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या माणसाने म्हटले होते.

आता गोवंडीला या. तिथे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्या लोकांना इमारती बांधून दिल्या. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड ही नावे तुम्ही ऐकली असतील, काहींचे नातेवाईकही तिथे आहेत. दोन इमारतींत काही ठिकाणी अंतर अवघे तीन मीटर, म्हणजे दहा फूट. 'डॉक्टर्स फॉर यू' ही डॉक्टरांची संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी तिथे अभ्यास केला, तो २०१८ साली बाहेर आला. ज्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, त्यांत क्षयरोग जास्त सापडला, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा बदलली नाही की ते तिथेच राहतात. गोळ्या सरकार देते. हवा कोण देणार?

ऑर साहेबांच्या नियमाने मोजू. सात मजली इमारत म्हणजे साधारण ६६ फूट. निम्मे ३३ फूट अंतर पाहिजे. मिळाले १० फूट. १० फूट अंतरात नियमाप्रमाणे उजेड मिळतो तो फक्त वरच्या २० फुटांना. म्हणजे वरचे दोन मजले. खालच्या पाच मजल्यांवरच्या आयाबाया दिवसा दिवा लावून स्वयंपाक करतात, आणि विजेचे बिल बघून म्हणतात, आमचंच नशीब. बाई, नशीब कशाला? हे पाचवीतल्या मुलाला मोजता येणारे अंतर आहे. नकाशा काढला त्या दिवशीच ते ठरलेले होते. तो काढणाऱ्याला ते दिसत होते, सही करणाऱ्याला दिसत नव्हते.

म्हणून मी म्हणते, ही विद्या आपल्या मुलामुलींनी शिकावी. आता कशी, ते पालकांसाठी सांगते, पटापट.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. गणित सोडू नका, मुलींच्या आयांना मी हात जोडून सांगते. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा करूनही बी.आर्क.ला जाता येते. 'नाटा' नावाची प्रवेश परीक्षा आहे, ती वास्तुकला परिषद घेते. तिच्यात चित्र काढायचा भाग असतो आणि संगणकावर उत्तरे द्यायचा भाग असतो. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांना जेईईचा दुसरा पेपर लागतो. बी.आर्क. झाल्यावर वास्तुकला परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, तसा १९७२ चा कायदाच आहे. म्हणून कॉलेज परिषदेच्या यादीत आहे की नाही ते आधी बघा, जाहिरात मागाहून बघा. पुढे पुण्याला भानुबेन नानावटी महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुकलेचे एम.आर्क. आहे, ते मुलींचे कॉलेज आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जेवर एम.टेक. आहे. सिव्हिल झालेल्यांना पाणी-सांडपाण्याच्या बाजूने यायचे तर पर्यावरण अभियांत्रिकीचे एम.टेक. आहेच.

जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच करा. प्रवेशाच्या वेळी धावपळ करून मिळत नाही, आणि दरवर्षी आपल्यातलीच दोन-चार मुले त्यापायी रडतात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरायची. पैसे उशिरा येतात, हे धरून चाला. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. पदवीनंतर परदेशी शिकायचे असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीनंतर लगेच ब्रिटनला जायचे स्वप्न कोणी दाखवत असेल तर पैसे कोण देणार ते आधी विचारा.

आणि खरे सांगायचे तर हे पाच वर्षांचे शिक्षण खर्चाचे आहे. फी माफ झाली तरी कागद, प्रिंट, मॉडेलचे सामान, लॅपटॉप. रात्रीची जागरणे. आमच्या घरी मॉडेल ठेवायला जागा नव्हती, मी ते पोटमाळ्यावर ठेवले आणि भाऊ दोन आठवडे खाली पाय दुमडून झोपला. तुमच्या बरोबरचा इंजिनिअर चार वर्षांत कमवायला लागतो, तुम्ही अजून शिकतच असता. सुरुवातीचा पगारही कमीच. माझी पहिली नोकरी एका ऑफिसात होती, तिथे मला सहा महिने फक्त संडासांच्या टाइल्सचे नकाशे काढायला दिले. आडनाव विचारून झाल्यावर दिले, असे मला तेव्हा वाटले होते, अजूनही वाटते. पण टाइल्स काढता काढता मी ड्रेनेजच्या पाइपांचे उतार शिकले, आणि आज मला त्याचेच पैसे मिळतात. इमारतींच्या सेवा, ऊर्जेची बचत, हरित इमारतीचे प्रमाणपत्र या कामांना आता मागणी आहे, कारण संहिता आल्या आणि त्यांची आकडेमोड करून देणारे हवे असतात. 'एनर्जीप्लस' हे इमारतीची उष्णता मोजायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मी त्यावर स्वतः शिकले.

आता शेवटचा विषय. समितीने मला याबद्दल बोलायला सांगितलेले नाही, अध्यक्षांनी रागावू नये.

आपल्या वस्तीच्या पुनर्विकासाचा नकाशा चार महिन्यांपासून समितीच्या कपाटात आहे. संमतीच्या कागदांवर सह्या चालू आहेत. मी विकासकाचे नाव घेत नाही आणि कोणावर आरोपही करत नाही. मला नवे घर नको आहे असे मुळीच नाही. आमचा पत्रा पावसात अजून गळतो, आईला संडासाला रात्री गल्लीच्या टोकाला जावे लागते. २२५ चौरस फुटांपासून सुरुवात होऊन २६९ आणि मग ३०० चौरस फुटांपर्यंत हक्काचे घर वाढत आले, ते लोकांनी भांडून वाढवले, हेही मला माहीत आहे. पण सगळे भांडण चौरस फुटांवर झाले. उजेडाच्या फुटांवर कोणी भांडले नाही.

मी तो नकाशा समितीच्या परवानगीने पाहिला. मधोमध लांब बोळ, दोन्ही हातांना घरे. म्हणजे प्रत्येक घराला बाहेरची बाजू एकच, वाऱ्याला समोरची वाट नाही. आपली इमारत आणि विक्रीची इमारत यांच्यातले अंतर मी पट्टीने मोजले. मी आकडा इथे माइकवर सांगत नाही, कारण मला तो तुमच्या हातांनी मोजलेला हवा आहे. काही घरांच्या मोरीची आणि स्वयंपाकाची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्या डक्टला वर काय आहे, ते नकाशात नीट दिसत नाही.

माझ्या सख्ख्या भावाने सही केली आहे. त्याचे म्हणणे, "ताई, तुला शिकून आता सगळ्यात खोट दिसते. फुकट मिळतंय, वीस वर्षं वाट बघितली, आता अंतर मोजत बसलो तर अजून वीस वर्षं जातील." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्याला अजून पटवू शकलेले नाही. वडील दोघांचेही ऐकून गप्प बसतात. पण नकाशा कागदावर आहे तोपर्यंत बोळ एका बाजूला घेता येतो, इमारत थोडी फिरवता येते, डक्ट रुंद करता येतो. त्यात नेहमीच जास्त पैसे लागतात असे नाही, कधीकधी नुसते रबर लागते. स्लॅब पडल्यावर काहीच करता येत नाही. मग पुढची साठ वर्षे आपली नातवंडे त्यात श्वास घेणार.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीने तो नकाशा विहारात या सतरंजीवर पसरू द्यावा. नववी-दहावीच्या मुलामुलींनी कंपासपेटी घेऊन यावे, कोनमापकासकट. महिला मंडळाने जरूर यावे, कारण त्या स्वयंपाकघरात दिवसाचे सहा तास तुम्ही उभ्या राहणार आहात. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीही यावे. माझ्या भावाला मी घेऊन येते. मोठी फूटपट्टी आणि ट्रेसिंग पेपर माझ्याकडून. आधी अंतर मोजू, मग खिडक्या, मग डक्ट. जे निघेल ते समितीच्या वहीत लिहू आणि त्या पत्राखाली कोणाकोणाच्या सह्या करायच्या ते तेव्हाच ठरवू.